चक्की, तवा आणि आपली कविता

शाळेचे स्नेहसंमेलन जवळ आले, की मुले स्वतः लिहिलेल्या कविता घेऊन येतात. शाळा उर्दू माध्यमाची असो की मराठी, त्या कवितांमध्ये चंद्र असतो, गुलाब असतो, बुलबुल असतो आणि शेवटच्या ओळीत एक अश्रू असतो. लिहिणाऱ्या मुलाच्या दारात मात्र गुलाबाचे झाड नसते. तिथे पाण्याचा ड्रम असतो, वडिलांची रिक्षा किंवा हातगाडी असते, दोरीवर वाळणारे बुरखे आणि शाळेचे गणवेश असतात. यातले काहीच कवितेत येत नाही.

यात मुलांचे काही चुकत नाही. गझला, कव्वाल्या आणि सिनेमातली गाणी यांमधून जी शायरी त्यांच्या कानावर आली, तिच्यात गुल आणि बुलबुलच आहेत. मग त्यांचा समज होतो, की कविता ही आपल्या घराबाहेरची, आपल्यापेक्षा सुंदर आणि श्रीमंत जागेत घडणारी गोष्ट आहे. नववीतली एक मुलगी मला सरळ म्हणाली, "टीचर, हमारे घर में शायरी के लायक कुछ हैच नै."

हे वाक्य एका मुलीचे नाही. आपल्या कितीतरी घरांचे आहे. आपले घर, आपली भांडी, आपली बोली, आपल्या आईचे रोजचे काम यांत सांगण्यासारखे काही नाही, असे ज्या मुलाला वाटते, ते पुढे स्वतःबद्दलही तसेच समजू लागते. म्हणून या वाक्याचे उत्तर नीट द्यायला हवे, आणि ते आपल्याच परंपरेत आहे.

कुरआन शरीफ ही शायरी नव्हे, हे आपण जाणतोच. पण त्यातल्या सूरांची नावे पाहा. नम्ल म्हणजे मुंगी, नह्ल म्हणजे मधमाशी, अन्कबूत म्हणजे कोळी. अल्लाहने मच्छरासारख्या क्षुद्र जीवाचेही उदाहरण देण्यात संकोच मानलेला नाही, असे सूरे बकरामध्ये आले आहे. लहान गोष्टीकडे लक्ष देऊन पाहणे हे आपल्याकडे कधीच कमीपणाचे नव्हते.

आग्र्याच्या बाजारातला शायर

उर्दू शायरीत रोजच्या वस्तूंचा सर्वांत मोठा शायर म्हणजे नजीर अकबराबादी. अकबराबाद हे आग्र्याचे जुने नाव. १८३० साली नजीर यांचे निधन झाले. दरबाराच्या आश्रयाला न जाता त्यांनी आयुष्यभर मुलांना शिकवून पोट भरले. आम्हा शिक्षकांना त्यांचा विशेष अभिमान वाटतो, तो यामुळेही.

त्यांनी कशावर लिहिले, ही यादीच वाचण्यासारखी आहे. भाकरी, काकडी, टरबूज, तिळाचे लाडू, कोरे मातीचे भांडे, पंखा, पाऊस, थंडी, म्हातारपण, गरिबी, अस्वलाचे पिल्लू, खारीचे पिल्लू. त्यांच्या 'रोटीनामा'मध्ये एका फकिराला कोणीतरी विचारते, की हे चंद्र-सूर्य कशासाठी बनले आहेत? तो म्हणतो, ते मला काय माहीत, आम्हाला तर त्या भाकरीच दिसतात. ज्या चंद्रावर हजारो शायरांनी प्रेयसीचा चेहरा पाहिला, त्याच चंद्रावर नजीर यांनी उपाशी माणसाची भूक पाहिली. चंद्र तोच होता. पाहणारा कुठे उभा आहे, हे बदलले.

काकडीवरच्या त्यांच्या कवितेत काकडीला लैलाच्या बोटांची उपमा आहे. याच कवितेवरून हबीब तन्वीर यांनी १९५४ साली 'आग्रा बाजार' हे नाटक उभे केले. त्यात एका काकडीवाल्याचा माल खपत नाही. आपल्या काकडीवर कोणी नज्म लिहून दिली, तर ती गात माल विकता येईल, असे त्याच्या मनात येते. मोठे शायर त्याला हाकलून लावतात. नजीर लिहून देतात आणि काकडी विकली जाते. पहिल्या प्रयोगात जामिया मिल्लियाचे विद्यार्थी होते आणि जवळच्या ओखला गावातली साधी माणसेही होती. नाटकभर नजीर यांच्या कविता ऐकू येतात, पण नजीर स्वतः एकदाही रंगमंचावर येत नाहीत. त्यांची शायरी बाजारातल्या माणसांच्याच तोंडी असते.

त्यांच्या शायरीला मान लवकर मिळाला नाही. नवाब मुस्तफा खान शेफ्ता यांनी 'गुलशन-ए-बेखार' या शायरांच्या चरित्रसंग्रहात नजीर यांच्याविषयी लिहिले, की त्यांचे शेर बाजारी लोकांच्या तोंडी असतात, म्हणून त्यांना शायरांमध्ये गणू नये. आज वाचताना हाच दोष आपल्याला गुण वाटतो. पण शेफ्तांचा तो विचार अजून आपल्या घराघरांत जिवंत आहे. माझी विद्यार्थिनी जे बोलली, ते नकळत त्यांचेच मत होते.

ज्यांना आपण अवघड शायर म्हणून ओळखतो, ते मिर्झा गालिबही यातून सुटलेले नाहीत. १८२८-२९ च्या सुमारास ते कलकत्त्यात होते. तिथल्या एका बैठकीत त्यांच्यापुढे तळहातावर एक चिकणी सुपारी ठेवली गेली आणि यावर काही म्हणा, असा आग्रह झाला. गालिब यांनी बसल्या जागी त्या एवढ्याशा सुपारीला एकामागून एक उपमा दिल्या. आंब्यावर तर त्यांची अख्खी मसनवी आहे. आणि त्यांच्या कितीतरी आधी आपल्या दख्खनमध्ये, हैदराबाद वसवणाऱ्या सुलतान मुहम्मद कुली कुतुबशहाने ईद, थंडी आणि मिरगाच्या पावसावर दख्खनीत कविता केल्या. हा मिरग म्हणजे तोच, ज्याची वाट आपला शेतकरी आजही जूनमध्ये पाहतो.

चक्कीनामा: आपल्या घरातली शायरी

आग्रा आणि कलकत्ता दूर आहेत. आता आपल्या जवळच्या विजापुराकडे येऊ.

सोळाव्या-सतराव्या शतकात विजापूरच्या सूफींनी दख्खनी बोलीत छोटी छोटी गाणी रचली. त्यांची नावेच ती कोणासाठी होती हे सांगतात. चक्कीनामा, चरखानामा, लोरीनामा, शादीनामा, सुहागननामा. पहाटे जात्यावर दळणाऱ्या, दिवसा सूत कातणाऱ्या आणि रात्री बाळाला झोपवणाऱ्या बायकांसाठी ही रचना होती. रिचर्ड ईटन या इतिहासकाराने विजापूरच्या सूफींवरील १९७८ सालच्या आपल्या ग्रंथात या गाण्यांकडे विशेष लक्ष वेधले. मोठमोठे फारसी ग्रंथ थोड्या विद्वानांपुरते राहिले, पण दीनची ओळख घराघरांत पोचली ती बायकांच्या तोंडून, दळता-कांडताना गायलेल्या या गाण्यांमधून, असे त्यांचे म्हणणे आहे.

चक्कीनाम्यातली उपमा पाहा. जात्याचा खुंटा म्हणजे अलिफ, आणि अलिफ म्हणजे अल्लाह. जात्याच्या मधोमध रोवलेली खीळ म्हणजे प्रेषित मुहम्मद (स.). चरखानाम्यात शरीर हाच चरखा होतो आणि श्वास हा त्यातून निघणारा धागा.

थोडे थांबून विचार करू. ही उपमा कोणाला सुचेल? ज्याने खुंटा नीट पाहिला आहे त्यालाच. खुंटा उभा असतो, सरळ असतो, अलिफसारखा. हात त्याला धरूनच फिरतो. तो सुटला तर जाते थांबते. खीळ हलत नाही, म्हणून वरची तळी डगमगत नाही. म्हणजे आधी वस्तू पाहिली गेली, मग अर्थ आला. हा क्रम महत्त्वाचा आहे. अर्थ आधी ठरवून मागाहून वस्तू शोधली असती, तर तो उपदेश झाला असता. बाईने तो एकदा ऐकून सोडून दिला असता. पण हे गाणे तिच्या हाताखालच्या खुंट्यातून निघाले होते. म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे खुंट्याला हात लावताच ते आपोआप आठवले.

मराठीतल्या जात्यावरच्या ओव्या याच रीतीने जन्मल्या. जात्याच्या फेऱ्यातूनच त्यांची लय आली. बार्शीचे शाहीर अमर शेख (१९१६-१९६९) यांचे मूळ नाव महबूब हुसेन पटेल. त्यांच्या आईच्या तोंडी ओव्या आणि लोकगीते होती. पुढे लाखांच्या सभा गाजवणारा हा आवाज घडला तो घरातल्या त्या गाण्यांवर.

लिहिले गेले ते राहिले

खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर बसल्या की, शेतात राबताना, चुलीपुढे भाकरी थापताना त्यांना गाणी सुचत. तवा, चूल, विहीर, सुगरणीचा खोपा हे त्यांचे विषय. त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि घरातल्या एका नातेवाइकाने ही गाणी वेळोवेळी टिपून ठेवली. त्यांच्या निधनानंतर, १९५२ मध्ये, आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' हा संग्रह निघाला. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. घरातल्या कोणी वही उघडली नसती, तर यातले काहीही आपल्यापर्यंत आले नसते.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. एक लाख! ज्या बायकांना कोणी कवयित्री म्हटले नाही, त्यांच्या तोंडी एवढा मोठा ठेवा होता.

आता आपल्या घरांविषयी विचारू. आपल्या नानी-दादींची वही कोणी केली? मी एकदा वर्गातल्या मुलींना सांगितले, की घरातल्या सर्वांत वडील बाईकडून एक गाणे लिहून आणा. हळदीचे, मेंदीचे, पाळण्याचे, दळणाचे, कोणतेही चालेल. काहींनी दोन-तीन गाणी आणली. त्यांत दख्खनी आणि मराठी शब्द एकमेकांत मिसळले होते. काहींना अर्धेच मिळाले. आणि काही मुली म्हणाल्या, "टीचर, दादी को चाल याद है, बोल याद नै." एका मुलीने ती चाल गुणगुणून दाखवली. शब्द नसलेली ती चाल ऐकताना वर्ग अगदी शांत झाला होता.

घरोघरी दळण गिरणीत जाऊ लागले, ते बरेच झाले. पहाटे उठून तासभर दळण्याचे कष्ट पुन्हा यावेत, असे कोणीही म्हणणार नाही. पण जात्याबरोबर गाणे का जावे? काम संपले तरी गाणे वहीत राहू शकत होते. ते काम आपण केले नाही, आणि जी वडीलधारी मंडळी अजून आहेत त्यांच्यापुरता वेळ अजून आहे.

पण कोणत्या भाषेत?

आपली मुले घरात एक बोली बोलतात, शाळेत मराठी लिहितात, मदरशात किंवा शाळेत उर्दू शिकतात. कविता लिहायला बसली, की त्यांना भीती वाटते. "शुद्ध उर्दू आती नै, शुद्ध मराठी जमत नाही." या भीतीपोटी ते उधारीचे शब्द आणतात. 'डेगची'चे 'पात्र' होते आणि 'चिंधी'चे 'वस्त्र'. शब्द भारदस्त होतो, पण त्यातून वस्तू निघून जाते.

नजीर यांनी बाजाराचीच भाषा घेतली. विजापूरच्या सूफींना फारसी येत होती, तरी बायकांसाठी लिहिताना त्यांनी दख्खनी घेतली. बहिणाबाईंनी आपली खानदेशी बोली सोडली नाही. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत प्रमाण भाषाच हवी, त्यात शंका नाही. पण कवितेत डेगची डेगचीच राहू द्या. एखादी ओळ घरच्या बोलीत आली तर ती खोडू नका.

वर्गात आम्ही काय करतो

आता थोडे हाताने करण्याचे. आमच्या वर्गात कवितेचा तास असतो तेव्हा मी विषय देत नाही. घरातली एकच वस्तू निवडायला सांगते. नेहमी हाताळली जाणारी आणि शक्यतो जुनी.

पहिले काम पाहण्याचे. दहा मिनिटे फक्त पाहायचे आणि जे दिसले, ऐकू आले, हाताला लागले, नाकाला जाणवले, तेवढेच लिहायचे. 'सुंदर', 'प्रेमळ', 'महान' हे शब्द त्या दिवशी वापरायचे नाहीत.

दुसरे काम क्रियापदांचे. ती वस्तू काय काय करते? तवा तापतो, धुरतो, पाण्याचा थेंब पडला की चुरचुरतो. क्रियापदे गोळा झाली की वस्तू कागदावर जिवंत होते.

तिसरे काम मुलांच्या सर्वांत आवडीचे. वस्तूचे नाव न घेता तिचे वर्णन करायचे आणि बाकीच्यांनी ओळखायचे. अमीर खुसरो यांच्या नावावर चालत आलेल्या पहेल्यांची ही रीत. नाव घेता येत नाही, तेव्हा मुलांना खरोखर पाहावेच लागते.

चौथे काम माणूस शोधण्याचे. या वस्तूला रोज कोणाचा हात लागतो? इथपर्यंत आले, की कविता बहुधा स्वतःच पुढे चालू लागते.

यातून मुलांनी लिहिलेल्या काही ओळी इथे देते. एका मुलाने लिहिले, "तव्याला रोज घरात सगळ्यांच्या आधी ताप येतो." टँकरच्या पाण्यावर राहणाऱ्या वस्तीतल्या मुलीने लिहिले, "आमच्या हंड्यांची रांग आमच्या आधी उठते." एकीने दादीच्या तसबीहबद्दल लिहिले, "दाणे गुळगुळीत झाले, दादीची बोटे खरखरीतच राहिली." यातल्या एकाही मुलाने याआधी कविता लिहिलेली नव्हती.

आणि एका मुलीने घड्याळ निवडले. तिचे वडील सौदीत नोकरीला आहेत. तिने लिहिले, "आमच्या घरात दोन घड्याळे आहेत. एक आमचे, एक अब्बांचे. अब्बांचे अडीच तास मागे आहे. आम्ही इफ्तार करतो तेव्हा त्यांचा रोजा अजून चालू असतो." तिच्या अम्मीने या ओळींचा फोटो काढून वडिलांना मोबाइलवर पाठवला. उत्तरात त्यांनी एक शब्दही लिहिला नाही. आपल्या खोलीतल्या घड्याळाचा फोटो तेवढा पाठवला. ही तीच मुलगी, जिच्या घरात शायरीलायक काही नव्हते.

एक सूचना पालकांसाठीही. मुलाने घरातली वस्तू निवडली, की घरातली अडचणही कागदावर येऊ शकते. उधारीची वही येईल, बंद पडलेले शिलाई मशीन येईल, रिकामा डबा येईल. "घरचे बाहेर का सांगितलेस?" म्हणून त्याला रागावू नका. ते तक्रार करत नाही, त्याला जे दिसते ते सांगत असते. नजीर यांनी गरिबीवर लिहिले तेव्हा ती सजवली नाही आणि लपवलीही नाही. तसेच प्रत्येक वस्तूच्या शेवटी तात्पर्य हवेच, असा आग्रहही धरू नका. मेणबत्ती आली की त्याग आणि झाड आले की परोपकार, हे मुलांना तोंडपाठ असते. मेणबत्तीचे मेण बोटावर पडले तर कसे वाटते, ते त्याला आधी लिहू द्या.

या महिन्यात एवढे करा

कविता लिहायला वेगळा वेळ, वेगळी खोली, महाग पुस्तके लागत नाहीत. चाळीस पानांची एक वही घ्या आणि ती स्वयंपाकघरात ठेवा. पहिली काही पाने घरातल्या सर्वांत वडील बाईसाठी राखून ठेवा. नानी असो, दादी असो, फुफी असो, त्यांच्याजवळ मुलांना बसवा. त्यांना आठवतात ती गाणी, म्हणी, कोडी, पाळण्याचे बोल जसेच्या तसे लिहून घ्या. शब्द अशुद्ध वाटला तरी सुधारू नका. अर्धेच आठवले तर अर्धेच लिहा. चाल मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. खाली त्यांचे नाव, गाव आणि तारीख लिहायला विसरू नका.

उरलेली पाने मुलांची आणि अम्मीचीही. होय, अम्मीचीही. दिवसभरात सर्वांत जास्त वस्तूंना तिचा हात लागतो, पण तिला काय दिसते हे बहुधा कोणी विचारत नाही. दर आठवड्याला प्रत्येकाने एका वस्तूवर चार ओळी लिहाव्यात. सुट्टीच्या दिवशी दस्तरखान उचलल्यावर त्या मोठ्याने वाचाव्यात. वाचून झाल्यावर कोणी 'वाह' म्हणाले तर उत्तमच. नाही म्हणाले, तरी पुढच्या आठवड्यात पुन्हा लिहावे.